शाळेतला टेरी फॉक्स रन : एका निवृत्त पी.टी.च्या बाईंचा अभिप्राय

पाचपैकी चार. अर्धा गुण पिझ्झापायी कापलाय, अर्धा फिल्मपायी. दोन्हींचं कारण पुढे येईल. ज्यांना एवढंच ठरवायचंय की पोरांना पाठवायचं का आणि मदतीला आपण जायचं का, त्यांनी पाठवा आणि जा. बाकीच्यांनी सवडीने वाचा.

मी साताऱ्याकडची. नोकरी सगळी शाळेच्या मैदानावर झाली, फक्की मारण्यात आणि शिट्टी फुंकण्यात. मुलगा-सून कॅनडात मिसिसागाला असतात, नातू तिथल्या सरकारी शाळेत दुसरीला आहे. सप्टेंबरात मी त्यांच्याकडे होते, आणि शाळेचा टेरी फॉक्स रन, म्हणजे कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे जमवायची दौड, त्याच महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात असतो. शाळेचं नाव लिहीत नाही. एक तर तक्रारीही करणार आहे; दुसरं म्हणजे त्या शाळेतलं एक मूल यंदा गेलं, आणि त्या घरच्यांना कुणी शोधत जावं असं मला वाटत नाही.

आपल्याकडे शाळेची दौड म्हटली की आधी मंडप, मग प्रमुख पाहुणे. पोरं सातपासून रांगेत उभी, पाहुणे साडेनऊला. मग नारळ, सत्कार, सत्काराला उत्तर, आणि हिरवा झेंडा पडेपर्यंत दोन पोरी चक्कर येऊन सावलीत नेलेल्या. दौडीत पहिले तीन नंबर, त्यांना तालुका, मग जिल्हा, मग दहावीला वाढीव गुण. मी त्यातच वाढले, त्याला नावं ठेवत नाही. त्या वाढीव गुणांवर कितीतरी पोरं पार पडलेली पाहिली आहेत. साताऱ्याची हिल मॅरेथॉन यवतेश्वराच्या घाटातून वर चढते तेव्हा पायाला चिप, छातीवर नंबर, शेवटी गळ्यात पदक, हे सगळं मला मनापासून आवडतं. पण नंबरच नसलेली दौड मी तोवर पाहिली नव्हती. मुलगा म्हणाला, "आई, इथे कुणी जिंकत नाही." मी म्हटलं, मग पळतात कशाला?

ज्यांना टेरी फॉक्स माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण तो माहीत नसेल तर या कार्यक्रमातली निम्मी गंमत कळणार नाही. जन्म १९५८, विनिपेगचा. वाढला ब्रिटिश कोलंबियातल्या पोर्ट कोक्विटलम गावात. बास्केटबॉलचं वेड. अठराव्या वर्षी उजव्या गुडघ्यात हाडाचा कर्करोग निघाला, ऑस्टिओसार्कोमा. मार्च १९७७ मध्ये गुडघ्याच्या वरून पाय काढला. ऑपरेशनच्या आदल्या रात्री त्याच्या शाळेतल्या बास्केटबॉलच्या कोचने दवाखान्यात एक मासिक आणून दिलं. त्यात डिक ट्रॉम या माणसावर लेख होता, जो कृत्रिम पायावर न्यूयॉर्कची मॅरेथॉन पळाला होता. आमच्या पेशातल्या कुणीतरी ऐन वेळी केलेलं हे काम मला सगळ्या गोष्टीत सगळ्यात मोठं वाटतं. पुढचं सगळं त्या एका लेखातून निघालं.

केमोथेरपीच्या दिवसांत त्याने आजूबाजूच्या खाटांवरची लहान मुलं पाहिली. डॉक्टरांनी त्याला सांगितलं होतं की वाचायची शक्यता पन्नास टक्के. दोनच वर्षं आधी हाच आजार झाला असता तर पंधरा टक्के. म्हणजे मधल्या दोन वर्षांत कुणीतरी प्रयोगशाळेत बसून काहीतरी शोधलं, आणि त्याला पैसा लागला. हा हिशेब त्याच्या डोक्यात पक्का बसला. मग त्याने ठरवलं की कॅनडा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पळायचा आणि संशोधनासाठी पैसे गोळा करायचे. आधी सरावाची म्हणून १९७९ मध्ये प्रिन्स जॉर्जला एक स्पर्धा पळाला. शेवटचा आला. त्याच्या आधीचा माणूस पोचून दहा मिनिटं झाली होती. तरी लोक थांबून टाळ्या वाजवत होते.

१२ एप्रिल १९८० ला न्यूफाउंडलंडमधल्या सेंट जॉन्सला त्याने कृत्रिम पाय अटलांटिकच्या पाण्यात बुडवला आणि पळायला लागला. बरोबर त्याचा मित्र डग अल्वर्ड, व्हॅन चालवायला. नंतर धाकटा भाऊ डॅरेल येऊन मिळाला. रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, म्हणजे बेचाळीस किलोमीटर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर झाले. १ सप्टेंबरला थंडर बे गावाच्या बाहेर खोकला आणि छातीतली कळ सहन होईना, तेव्हा तो व्हॅनमध्ये बसला. कर्करोग फुफ्फुसात गेला होता. २८ जून १९८१ ला तो वारला. तेविसावा वाढदिवस महिन्यावर होता.

त्याच्या पळण्याची जुनी फिल्म पाहिली तर एक गोष्ट लगेच डोळ्यात भरते. डाव्या पायावर दोनदा उडी, मग कृत्रिम पायाचं एक पाऊल. त्या काळचा कृत्रिम पाय पळण्यासाठी बनवलेलाच नव्हता; तो पुढे यायला वेळ लागायचा, आणि तेवढा वेळ काढायला चांगल्या पायावर ती जादा उडी. आपली लंगडी आणि धावणं एकत्र केल्यावर होईल तसं. मी पोरांना लंगडी शिकवलेली आहे. अर्ध्या मिनिटात पोटरी भरून येते. हा माणूस तसं दिवसाला बेचाळीस किलोमीटर करत होता, आणि खुंटातून रक्त येत असताना करत होता.

आणि आता नंबर नसण्याचं कारण. तो पळत असतानाच फोर सीझन्स हॉटेलांचे संस्थापक इसाडोर शार्प त्याच्या मागे उभे राहिले. त्यांचा स्वतःचा मुलगा १९७८ मध्ये मेलानोमाने, त्वचेच्या कर्करोगाने गेला होता. टेरीला थांबावं लागल्यावर त्यांनी त्याला तार केली की तुझ्या नावाने दरवर्षी अशी दौड होईल. ठरलं ते असं की प्रवेश फी नाही, कुणी पहिला नाही, शेवटचा नाही, मैदानावर कंपन्यांच्या जाहिराती नाहीत. पळा, चाला, सायकलवर या, व्हीलचेअरवर या. पहिला रन १३ सप्टेंबर १९८१ ला झाला, त्यात तीन लाख माणसं आली आणि ३५ लाख डॉलर जमले. आजवरचा आकडा ८५ कोटी डॉलरच्या पुढे गेलाय. पाच डॉलरच्या नव्या नोटेवर टेरीचा चेहरा येणार असं सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीरही केलं. भारतातही हा रन भरलेला आहे, चेन्नईला आयआयटी मद्रासच्या आवारात. एका मेलेल्या पोराच्या बापाने दुसऱ्या मरणाऱ्या पोराला दिलेला शब्द इतकी वर्षं पाळला जातोय, आणि तोही बॅनरशिवाय. आमच्याकडे वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागतो.

तर शाळेत काय होतं. आधी घरी चिठ्ठी येते, 'टूनी फॉर टेरी'. टूनी म्हणजे दोन डॉलरचं नाणं. जमलं तर एक नाणं पाठवा, नाही जमलं तर नका पाठवू, मूल तरीही पळेल. ऑनलाइन भरले तर करसवलतीची पावती ई-मेलवर येते. सूनबाईंनी ऑनलाइन भरले, नातवाने नाण्याचा हट्ट धरला, कारण वर्गात बरणी होती आणि बरणीत टाकल्यावर आवाज येतो. मला हे पटलं. सात वर्षांच्या पोराला दान कळतं ते खणकन आवाज झाल्यावरच.

इथवर सगळं उत्तम. पण बरणीशेजारी शाळेने फळ्यावर वर्गवार आकडे लिहायला सुरुवात केली, आणि सगळ्यात जास्त पैसे आणणाऱ्या वर्गाला पिझ्झा पार्टी जाहीर केली. आता तुम्हीच सांगा. पळण्यात नंबर नाही म्हणून कौतुक करायचं आणि पैशात नंबर लावायचा? नातवाच्या वर्गात काही घरं नुकतीच आलेली आहेत, तळघरात भाड्याने राहणारी. त्यातल्या एका मुलाने घरी जाऊन आईकडे वीस डॉलर मागितले, आणि का मागतोय ते विचारल्यावर पिझ्झा म्हणाला, असं ती मला गेटवर सांगत होती. पंजाबी बाई, माझी हिंदी, तिची हिंदी, कसंबसं कळलं. पण तिचा चेहरा कळायला भाषा लागली नाही. सगळ्या शाळेचं उद्दिष्ट पुरं झालं तर मुख्याध्यापिकेच्या तोंडावर पोरं क्रीमची थाळी मारणार, हेही जाहीर होतं. त्याला माझी हरकत नाही. विचित्र आहे, पण त्यात कुणाच्या घराची ऐपत उघडी पडत नाही. आमच्या मुख्याध्यापकांच्या तोंडाला क्रीम फासायची कल्पना केली आणि मी दोन दिवस हसत होते. पण वर्गवार फळा पुसला पाहिजे. मी मदतनीसांच्या अभिप्रायाच्या कागदावर तसं लिहून दिलंय, सुनेकडून इंग्रजी तपासून घेऊन.

फिल्मची तक्रार वेगळी आहे. दौडीच्या आठवड्यात वर्गावर्गात टेरीची फिल्म दाखवतात. मोठ्या पोरांना ठीक. दुसरीच्या पोरांना दाखवताना आधी पालकांना दोन ओळी कळवायला हव्या होत्या. नातू त्या रात्री उठून बसला. "आजी, माझाही गुडघा दुखतोय." आई-बाप घाबरले. मला हे दुखणं पाठ आहे, कारण मैदानावर दरवर्षी कुणाचा ना कुणाचा गुडघा दुखतो. वाढीचं दुखणं संध्याकाळी, रात्री येतं, बहुतेक दोन्ही पायांना असतं, चोळलं की बरं वाटतं आणि सकाळी पोरगं उड्या मारत असतं. लंगडत नाही, सूज नसते. ज्याची काळजी करायची ते दुखणं एकाच जागी ठाण मांडतं, आठवडे जात नाही, झोपेतून उठवतं, वर गाठ किंवा सूज दिसते, पोरगं लंगडायला लागतं. हाडाचा हा कर्करोग बहुधा ऐन वाढीच्या वयात होतो, आणि सगळ्यात जास्त गुडघ्याच्या आसपास. खेळाडू मुलांत तर तो लपतोच, कारण सगळे म्हणतात, लागलं असेल. टेरीलाही आधी गाडीचा अपघात झाला होता, गुडघ्याला मार बसला होता. दुखणं त्याचंच म्हणून त्याने बास्केटबॉलचा हंगाम संपेपर्यंत अंगावर काढलं. हे सगळं शाळेने फिल्मनंतर पाच मिनिटं बोलून सांगितलं असतं तर भीती तर गेलीच असती, वर कुणाचा तरी फायदाही झाला असता. आज हा आजार पसरायच्या आधी सापडला तर शंभरातली साठ-सत्तर मुलं वाचतात, आणि बहुतेकांचा पाय काढावा लागत नाही. हेही पोरांना सांगायलाच हवं. फिल्म संपते तेव्हा टेरी मेलेला असतो. त्याच्या पैशाने पुढे काय झालं ते फिल्मनंतर कुणी सांगितलंच नाही.

मी नातवाचे दोन्ही गुडघे दाबून पाहिले, तेल लावून चोळले, तो झोपला. सकाळी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरला.

आता यंदा गेलेल्या त्या मुलीबद्दल. गेल्या वर्षी ती तिसरीत होती. रक्ताचा कर्करोग, लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. मुलांमधल्या या आजारात तिथे आता दहातली नऊच्या आसपास मुलं बरी होतात. ती त्यांच्यात नव्हती. उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आधी गेली. शाळेने यंदाचा रन तिच्या आठवणीत करायचं ठरवलं. माझी धास्ती अशी होती की आता फोटोचे बॅनर लागणार, मेणबत्त्या लागणार, भाषणं होणार आणि तिच्या आईला पहिल्या रांगेत खुर्चीवर बसवून रडवणार. यातलं काही झालं नाही. इथे मी त्या शाळेला पैकीच्या पैकी देते.

या रनमध्ये मुलांना छातीवर लावायला एक स्टिकर देतात. त्यावर छापलेलं असतं की मी अमक्यासाठी धावतोय, आणि नावाची जागा कोरी. ज्याला जे नाव लिहायचं ते लिही. कुणी आजोबा लिहिलेले, कुणी शेजारी, एकाने मांजरीचं. तिच्या वर्गातल्या मुलांनी बहुतेकांनी तिचं नाव लिहिलं होतं, सगळ्यांनी नाही. आणि ज्यांनी नाही लिहिलं त्यांना कुणी विचारलं नाही. मलाही एक स्टिकर मिळाला. मी देवनागरीत 'वन्सं' लिहिलं. माझ्या सासरच्या थोरल्या नणंदेला स्तनाचा कर्करोग होता. परळला टाटामध्ये उपचार, आणि राहायला दादरला संत गाडगे महाराजांची धर्मशाळा. मी आळीपाळीने त्यांच्याजवळ राहिले आहे. तिथे जिन्यात डोक्यावरचे केस गेलेली लहान पोरं गोट्या खेळायची. वन्सं त्यांना ओरडायच्या आणि मग जवळचा खाऊही द्यायच्या. अशा पोरांसाठी मुंबईत आता सेंट ज्यूड्ससारख्या संस्था आहेत, उपचार चालू असेपर्यंत आई-बापांसकट फुकट राहायला देतात. तेव्हा आम्हाला तरी धर्मशाळेशिवाय दुसरी जागा माहीत नव्हती. नातवाने विचारलं, "हे कोण?" म्हटलं, आजोबांची मोठी बहीण. त्याने स्वतःच्या स्टिकरवर टेरीचं नाव खोडून कोपऱ्यात तेच अक्षर काढायचा प्रयत्न केला. 'व' जमला, 'न्सं'वर पेन अडलं.

दौडीचा दिवस. सकाळी चौदा-पंधरा अंश, गवतावर दव. शाळेमागच्या मैदानाला रंगीत शंकूंनी वळसा आखलेला. फक्की नाही, ते मला जरा खटकलं, शंकू पोरं लाथाडतात. पण गवतावर फक्की टिकत नाही हेही खरं. मदतीला आलेले निम्मे आजी-आजोबाच होते, पगड्या, साड्या, स्वेटर आणि पायात नवे पांढरे बूट. वॉर्म-अपला मोठ्ठ्या आवाजात गाणं लावून नाच केला. पोरं खूश. माझ्या मते थंडीत पळवायच्या आधी पोटऱ्या आणि घोटे मोकळे करायलाच हवेत, नाचात ते होत नाही. लहान वर्ग आधी, मोठे नंतर, असं टप्प्याने सोडलं, ते बरोबर केलं. पण बालवाडीची पोरं बाथरूमला गेली ती परत येईपर्यंत पहिलीची पोरं सुटली, आणि मग एका कोपऱ्यावर दोन्ही लाटा एकमेकींत घुसल्या. तिथे शिट्टी हवी होती. माझ्या हाताला सवयीने गळ्यापाशी चाचपायला झालं.

किती वळसे झाले ते मोजायला प्रत्येक वळशाला एक आइसक्रीमची काडी देतात. किती जमवायच्या याला मर्यादा नाही, अपेक्षा नाही. अर्थात पोरं ती पोरंच, "तुझ्या किती, माझ्या किती" चालूच. नातवाने मित्राकडून चॉकलेटच्या बदल्यात दोन काड्या घेतल्या, हे मी पाहिलं आणि बोलले नाही. नंबर काढला नाही म्हणून स्पर्धा संपत नाही, ती पोरांच्या खिशात असते. फक्त मोठ्या माणसांनी त्यावर शिक्का मारला नाही की तिचा त्रास होत नाही, एवढं मला तिथे दिसलं. शेवटी चालत येणाऱ्या एका जाड्या मुलाला आणि सगळ्यात पुढच्या मुलीला एकच काडी मिळत होती. आमच्याकडे त्या मुलाला मी स्वतः 'टाळ्या वाजवा रे' म्हटलं असतं, आणि त्याला ते आवडलं नसतं.

काड्या वाटायला कोण उभी होती, तर त्या गेलेल्या मुलीची आई. मला नंतर कळलं. लाल टोपी, हातात जुड्या बांधलेल्या काड्यांचा डबा, आणि कामात अगदी कडक. माझा नातू "दोन द्या ना" म्हणाला तर तिने भुवया वर करून त्याला एकच दिली आणि पुढे हाकललं. तिला कुणी मंचावर बोलावलं नाही, तिच्याकडे कुणी बोट दाखवलं नाही. तिला काम दिलं होतं. एवढं साधं सुचायला किती अक्कल लागते, हे ज्यांनी दहाव्या-तेराव्याला घरात नुसतं बसून राहिलेली माणसं पाहिली आहेत त्यांना कळेल.

आणि तो उलटा टप्पा. गेल्या वर्षी उपचार चालू असताना ती मुलगी रनला आली होती, बराचसा भाग चालली, आणि शेवटचा पट्टा उलटी पळाली, पाठ पुढे करून. का, ते कुणालाच ठाऊक नाही. तिच्या वर्गातला एक मुलगा म्हणाला, तिला तसंच आवडायचं, ती जिनाही उलटा उतरायची आणि ओरडा खायची. तर यंदा तिच्या वर्गाने बाईंना विचारलं की आम्ही शेवटचा पट्टा उलटा पळू का. शाळेत बैठक झाली म्हणे, पडतील, हात मोडेल, जबाबदारी कुणाची. शेवटी ठरलं की फक्त गवतावर, दोन शंकूंच्या मधल्या तुकड्यात, दोन्ही बाजूंना मोठी माणसं उभी करून. त्या मोठ्या माणसांत मी होते.

उलटं पळणं आम्ही सरावात घेतो, पायाच्या स्नायूंसाठी चांगलं असतं. पण त्याला रीत आहे. टाचेवर गेलं की माणूस पाठीवर आपटतो. पहिली दोन पोरं आली ती टाचांवर. मी ओरडले, "टोज! टोज!" आणि स्वतः पुढे होऊन पंजांवर पळून दाखवलं, साडी खोचून. वीस-बावीस पोरं, पाठ आमच्याकडे, तोंडं सगळी मागे मैदानाकडे, मानेवरून बघत, हसत, एकमेकांवर आदळत. दोन पडली. एक मुलगी पडल्या-पडल्या हसत लोळली आणि तिथूनच काडी मागायला लागली. काड्या वाटणाऱ्या त्या आईने तिला काडी दिली, उठायच्या आत. मग नियम नसताना पाचवीचा वर्गही उलटा आला, मग सहावीचा, आणि त्या तुकड्यावरचा सगळा बंदोबस्त गेला. कुणाचा हात मोडला नाही.

दौड संपल्यावर प्रत्येकाला प्लास्टिकच्या नळीत गोठवलेलं रंगीत सरबत देतात, आपल्याकडे शाळेच्या गेटवर मिळायची तीच पेप्सी. पंधरा अंशात बर्फ चोखायला का देतात ते मला समजलं नाही; सगळ्यांच्या जिभा निळ्या. भाषण झालं दोन मिनिटांचं. मुख्याध्यापिकेने मुलीचं नाव एकदा घेतलं, टेरीचं एकदा, आणि पोरांना वर्गात पाठवलं. उद्दिष्ट पुरं झालं होतं, त्यामुळे क्रीमचा कार्यक्रम दुपारी झाला. पिझ्झा पाचवीला मिळाला.

पुढच्या वर्षी कुणी आजी-आजोबा त्या दिवसांत तिकडे असाल तर काही गोष्टी. ऑफिसात आधी नाव नोंदवा, ऐन वेळी गेटवर गेलात तर आत घेत नाहीत, आणि आत गेल्यावर पाहुण्याचा बिल्ला छातीवर लागतो. दवामुळे गवत निसरडं असतं, चपला-सँडल घालून जाऊ नका. पाण्याची बाटली आपली आपण न्या, नळ एकच आहे आणि त्याला रांग असते. पोरांचे फोटो काढू नका. आपल्या नातवाचा काढला तरी मागे दुसऱ्याचं पोर येतं, आणि तिथे ते चालत नाही. आणि खाऊ नेऊ नका. मी साताऱ्याहून शेंगदाण्याची चिक्की नेली होती, दौडीनंतर वाटायला म्हणून मुद्दाम छोट्या वड्या पाडून आणलेली. सुनेने दारातच पिशवी काढून घेतली, "आई, शाळेत शेंगदाणा नेला तर मलाच बोलावतील." ॲलर्जीचा नियम कडक आहे. चिक्की आम्ही घरीच संपवली. तिळाची चालेल का म्हणून विचारलं, तर तीळसुद्धा त्यांच्या यादीत आहे. राजगिऱ्याच्या लाडवांचं विचारून ठेवलंय, शाळेचं उत्तर अजून यायचंय.